दोन ऑर्डरी आणि आत्याची केईएम

आमच्या मिरजेत घरटी एक तरी माणूस दवाखान्यात असतो. ॲडमिट म्हणून नव्हे, नोकरीला. वानलेस नावाचे कॅनडाचे मिशनरी डॉक्टर 1889 साली इकडं आले, 1894 साली त्यांनी मिरजेत इस्पितळ काढलं आणि तेव्हा गावाला जी दवाखान्याची सवय लागली ती अजून सुटलेली नाही. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला उतारूला ‘कुठं जायचं’ असं विचारत नाही. तो चेहऱ्याकडं बघतो आणि विचारतो, ‘हाडाचं का पोटाचं?’

तेव्हा मी नर्स झाले यात माझं कर्तृत्व काही नाही. कोकणातला मुलगा पोहायला शिकतो तशी मी जीएनएम झाले. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आलं आणि गावातल्याच एका छोट्या दवाखान्यात दोन वर्षं काढली. सुप्रीम कोर्टानं 2016 साली खासगी नर्सांच्या पगाराकडं बघा म्हणून सरकारला सांगितलं, तेव्हा नेमलेल्या समितीनं 50 खाटांच्या आतल्या दवाखान्यांनीसुद्धा 20 हजारांच्या खाली देऊ नये असं लिहिलं होतं. आमचा दवाखाना 50 खाटांच्या इतका आत होता की ती शिफारस दारापर्यंत आली, चपला बघून परत गेली.

म्हणून मी बाहेर अर्ज केले. आणि एसटीचं होतं तेच झालं. दोन वर्षं काही आलं नाही आणि मग एकाच आठवड्यात दोन आल्या. एक ऑर्डर पुण्याची, एक मुंबईची.

आता ऑर्डर माझी, पाय माझे, बारा तास उभं मी राहणार. पण निर्णय घ्यायला आमच्या सोप्यात सात माणसं बसली. त्यातली दोन तर नात्यातलीही नव्हती, भजी तळल्याचा वास आला म्हणून आली होती.

बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. मिरज म्हणजे एके काळी ब्रॉड, मीटर आणि लातूरकडनं येणारी नॅरो अशी तिन्ही गेज एकत्र येणारं स्टेशन. कुठली गाडी कुठल्या रुळावर घालायची यात बाबांची हयात गेली. त्यामुळं सगळ्यांनी आधी त्यांच्याकडं बघितलं. बाबांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, ‘‘पुणं 279 किलोमीटर. मुंबई त्याच्याफुडं 192. दोन्ही एकाच लायनीवर. पुण्याला उतरायचं का झोपून राहायचं, एवढाच प्रश्न आहे.’’ आणि पुन्हा सुपारीकडं वळले. तीन आठवड्यांच्या चर्चेत याहून शहाणं वाक्य कुणी बोललं नाही, पण त्या दिवशी ते कुणी मनावर घेतलं नाही. बाबांचं बोलणं आमच्याकडं स्टेशनवरच्या घोषणेसारखं असतं. ऐकू सगळ्यांना येतं, गाडी चुकल्यावर आठवतं.

मुंबईवरचा आमचा तज्ज्ञ म्हणजे काका. काका 1982 च्या जानेवारीत गिरणीत चिकटायचं म्हणून परळला गेला आणि 18 तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. एकूण अकरा दिवस राहून तो परत आला. त्या अकरा दिवसांच्या जोरावर गेली चाळीस वर्षं तो मुंबईबद्दल बोलतो आहे. ‘‘जा की, पण संप मिटला का बघून जा,’’ तो म्हणाला. सगळे हसले. मला मात्र हसताना थोडी चुटपुट लागली, कारण तो संप रीतसर मागं असा कधी घेतलाच गेला नाही. म्हणजे कागदावर बघितलं तर काकाचं बरोबर होतं.

आणि न राहता बोलण्याला आमच्या धंद्यात मोठी परंपरा आहे. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण इथली गटारं, पाणी आणि छावण्या यांवर त्यांनी लंडनमध्ये बसून कित्येक वर्षं लिहिलं. काका तर अकरा दिवस राहून आला होता.

या बाईंची आणखी एक गोष्ट मी शिकताना वाचली होती. 1820 साली त्या इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जन्मल्या म्हणून त्यांचं नाव फ्लॉरेन्स. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तर तिला त्या गावाचं जुनं ग्रीक नाव दिलं, पार्थेनोपी. शहर किती चिकटतं बघा, हे सांगायला म्हणून मी ही गोष्ट बैठकीत काढली. आईनं हात जोडले. ‘‘आजोळी झालीस तू,’’ ती म्हणाली. ‘‘आम्ही तसं केलं असतं तर आज तुला बेडग म्हणून हाक मारावी लागली असती.’’

आईचं मत पुण्याला होतं. का, तर पुण्याहून महिन्यातनं दोनदा येता येतं आणि पुण्यात स्थळं चांगली. तिला मी विचारलं, ‘‘आणि नोकरी?’’ तर म्हणाली, ‘‘ती आहेच की दोन्हीकडं.’’

आत्या मात्र मुंबईवाली. तिच्या शेजारणीची मुलगी केईएमला होती. तिचा पगार, तिची वट, तिनं आईला पाठवलेला मिक्सर, हे सगळं आत्यानं आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की तिसऱ्या आठवड्यात आईसुद्धा मुंबईला कलली. मग मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, ‘‘ताई, परळमध्ये राहायचं कसं जमवलंत?’’ ती म्हणाली, ‘‘परळमध्ये? मी रास्ता पेठेत राहते.’’ तर झालं असं होतं की केईएम दोन आहेत. सातवा एडवर्ड राजा 1910 साली वारला, त्याच्या नावानं पुण्यात 1912 साली एक निघालं आणि मुंबईत 1926 साली दुसरं. एक राजा, दोन गावं आणि मधे आमची आत्या. मी फोन ठेवून सांगितलं तेव्हा ती अजिबात ओशाळली नाही. ‘‘मग पुणंच चांगलं,’’ म्हणाली. ‘‘मी पहिल्यापासनं काय सांगतेय?’’

मुलाखती दोन्हीकडं झाल्या होत्या, म्हणजे थोडंफार मीही बघितलं होतं.

पुण्याला आधी लेखी परीक्षा झाली, मग वॉर्डात फिरवून आणलं. तिथं एक आजोबा होते. कॉटवर मांडी घालून बसलेले, मांडीवर दोनशे पानी वही. वहीत पट्टीनं रेघा मारून रकाने पाडलेले: वेळ, बी.पी., गोळी, गोळीचा रंग, देणाऱ्या सिस्टरचं नाव. ड्यूटीवरच्या सिस्टरनं बी.पी. घेतलं आणि चार्टवर 120 लिहिलं. आजोबांनी चष्मा खाली केला. ‘‘मशीनवर 122 आलं.’’

‘‘आजोबा, दोननं काही होत नाही.’’

‘‘होत नाही ते ठीक आहे,’’ आजोबा म्हणाले, ‘‘पण दोन गेले कुठं?’’

सिस्टरनं मुकाट्यानं 122 केलं आणि खोडलं तिथं सही केली. आजोबांनी त्या सहीशेजारी वहीत वेळ टाकली. मी मनात म्हटलं, इथं नोकरी करायची तर नर्सिंगपेक्षा अकाउंट्स शिकून यायला हवं होतं. पण खरं सांगू का, मला तो माणूस आवडला. औषध देताना पाच गोष्टी तपासायच्या असतात: पेशंट बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर. आम्हाला तीन वर्षं घोकून घ्यावं लागलं. आजोबांनी ते पेन्शनीत स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं.

मुंबईची मुलाखत चालता चालता झाली. मेट्रन मॅडम राउंडला निघालेल्या, मी मागून फाइल घेऊन पळतेय. जिन्यात त्या थांबल्या. सर्टिफिकेटं त्यांनी बघितलीच नाहीत, माझ्या चपला बघितल्या. ‘‘ह्यांच्यावर बारा तास उभी राहशील?’’ मी म्हटलं, ‘‘राहीन.’’ ‘‘नाही राहणार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जॉइन होताना बंद बूट घेऊन ये.’’ झाली मुलाखत. तिथल्या वॉर्डातही एक पेशंट लक्षात राहिला. हर्नियाचं ऑपरेशन करून नुकता बाहेर आणलेला, कमरेखाली भूल उतरायची होती. तो सिस्टरला विचारत होता, ‘‘पाय साधारण कधी हलतील? मला दादरला गाडी बदलायचीय.’’ त्या दिवशी त्याला डिस्चार्ज नव्हताच. तो नुसता अंदाज घेत होता.

मग मी ठरवलं की शास्त्रानं जाऊ. आमच्याकडं पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट असतो. पोटात गेलं किती, बाहेर आलं किती, दर पाळीला बेरीज. मी दोन शहरांचे दोन चार्ट केले. पुणं: इनटेक 22 हजार. आउटपुट म्हणजे वाटून घेतलेली खोली, मेस, स्कूटरचा हप्ता, पेट्रोल, महिन्याला मिरजेच्या दोन खेपा. सगळं जाऊन बॅलन्स 4,700. मुंबई: इनटेक 27 हजार. आउटपुटमध्ये नुसती एक कॉटच 11,500 ची, मग मेस, पास, मिरजेची एक खेप आणि ‘किरकोळ’ या नावाखाली 2,000, जे कशाचे ते मुंबईत गेल्याशिवाय कळत नाही. बॅलन्स 5,040. म्हणजे एवढ्या थोरल्या मुंबईत आणि एवढ्या शहाण्या पुण्यात फरक निघाला 340 रुपयांचा. पेशंटचा बॅलन्स असा पॉझिटिव्ह राहायला लागला तर आम्ही डॉक्टरांना फोन करतो, अंगावर सूज येते म्हणून. माझ्या बॅलन्सनं सूज यायची काही भीती नव्हती.

राहायच्या जागेचीही चौकशी केली. पुण्यात एका काकूंकडं गेले. घर स्वच्छ, तुळस, सगळं बेताचं. काकूंनी विचारलं, ‘‘नाईट असते का?’’

‘‘महिन्यातनं आठ-दहा दिवस.’’

‘‘म्हणजे रात्रभर बाहेर.’’ चेहरा पडला. ‘‘येणार कधी?’’

‘‘सकाळी साडेआठला.’’

‘‘म्हणजे दिवसभर घरात.’’ चेहरा आणखी पडला. ‘‘मग पंखा दिवसाचा लागणार.’’

रात्री बाहेर म्हणून अब्रूचा प्रश्न आणि दिवसा आत म्हणून विजेचा. मी उठणार इतक्यात त्यांनी हळूच हात पुढं केला. ‘‘बी.पी.चं मशीन आहे का हो तुमच्याकडं?’’ होतं. बघितलं. 150 निघालं. पंखा मंजूर झाला, पण रोज सकाळी आल्या आल्या बी.पी. बघायचं या बोलीवर. म्हणजे ड्यूटी बारा तास आणि वर एक पेशंट घरमालकीण.

मुंबईत कॉट बेसिसवर जागा देणाऱ्या आंटींना फोन लावला. नाईट म्हटल्यावर त्या खूश झाल्या. ‘‘नाईट? फार छान! म्हणजे तुझी कॉट रात्री रिकामी. एक कॉल सेंटरवाली आहे... नाही, तीही नाईटलाच. बघते, एखादी डे शिफ्टवाली जमवते. भाडं अर्धं अर्धं.’’ हे काकाला सांगितलं तेव्हा तो जागचा उठला. त्याच्या अकरा दिवसांतले दहा असेच गेले होते. गिरणगावात पाळ्यांप्रमाणं माणसं झोपायची. एकजण कामावर गेला की दुसरा त्याच्या जागी आडवा व्हायचा. ‘‘अंथरूण थंड व्हायचं नाही,’’ काका म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज थोडा बारीक झाला, आणि मला वाटलं अकरा दिवसही काही कमी नसतात.

गाडं अडलं होतं ते तिथंच राहिलं असतं, पण बाबांनी एका संध्याकाळी दोन्ही ऑर्डरी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचल्या. आम्ही कुणीच तोवर ते केलं नव्हतं. सगळ्यांनी पगाराचा आकडा वाचून बोलायला सुरुवात केली होती. पुण्याच्या ऑर्डरीत सातव्या कलमात होतं की दोन वर्षांचा बॉण्ड आणि मूळ सर्टिफिकेटं दवाखान्याकडं जमा. बाबांनी कागद खाली ठेवला. ‘‘मूळ कागद कुणाला द्यायचे नसतात,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्या आजोबांनी रानाचे कागद असेच एकाला ठेवायला दिले होते.’’ ते रान आम्ही एसटीतून जाताना बघतो. ऊस चांगला असतो त्यात.

मुंबईच्या ऑर्डरीला दुसरं पान होतं. ते कुणी वाचलं नव्हतं, कारण पहिल्या बैठकीत त्यावर भज्यांची ताटली ठेवलेली होती. तेलाच्या डागातून बाबांनी वाचून दाखवलं: होस्टेल, आवारातच, पगारातून 2,500 कापून.

सोप्यात शांतता पसरली. तीन आठवडे आम्ही लोकलवर भांडलो होतो. सेंट्रल बरी का हार्बर, लेडीज डब्यात चौथी सीट मिळते का, रात्री डब्यात पोलीस असतो का, पुण्यात स्कूटर घेतली तर हेल्मेट कुणाचं. 1992 साली बोरिवलीपर्यंत खास बायकांची लोकल सुरू झाली हे काकानं कुठूनसं शोधून आणलं होतं. आणि वॉर्ड होस्टेलपासून चालत!

‘‘मग पास नको काढायला,’’ काका म्हणाला. त्याचा चेहरा अकरा दिवसांची नोकरी पुन्हा गेल्यासारखा झाला.

महालक्ष्मीचं तिकीट काढलं. बाबा स्टेशनवर आले, डब्याची चाकं बघितली, पिशवी वर ठेवली आणि म्हणाले, ‘‘झोपून राहा.’’ पण झोप कसली येतेय. पुण्याला गाडी अडनिड्या वेळी थांबली. वरच्या बर्थवर पडून मी चहावाल्याची हाक ऐकली. खाली एक आजोबा चढले, सीट नंबर तीनदा तपासला, मग तिकिटावरची वेळ आणि घड्याळ ताडून पाहिलं आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘बारा मिनिटं.’’ मला वहीवाल्या आजोबांची आठवण झाली. दोन गेले कुठं? मग गाडी हलली.

होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. दोघी केरळच्या. त्यातली कोट्टायमची एक माझ्या शेजारच्या कॉटवर. तिच्या घरात आई, दोन मावश्या आणि एक मावसभाऊ असे चार जण नर्सिंगमध्ये. मी तिला आमच्या तीन आठवड्यांची हकिकत मोठ्या रंगात सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकली आणि नकाशावर दोन्ही गावं दाखव म्हणाली. मी दाखवली. तिनं अंगठा पुण्यावर आणि तर्जनी मुंबईवर ठेवायला बघितली, तर बोटं एकमेकांवर बसली. ती पोट धरून हसली. तिच्या घरी त्या वेळी वाद चालू होता तो मस्कत की मँचेस्टर असा. त्यांच्या बैठकीतही एक आत्या असणार.

खोलीपासून वॉर्ड 140 पावलं. मी मोजलीत. खिडकीतून दवाखान्याची लाँड्री दिसते आणि हिरव्या चादरी वाळत घातलेल्या असतात. लोकलमध्ये मी अजून एकदाही बसलेले नाही. पण तिच्याशी माझा संबंध नाही असंही म्हणता येत नाही. पावसात रुळांवर पाणी भरलं की सकाळच्या पाळीच्या सिस्टर कल्याणला, विरारला अडकतात, इन्चार्ज फोन खाली ठेवते आणि वळून माझ्याकडं बघते, कारण मी आवारातच राहते. पुस्तकात आय.सी.यू.मध्ये एका पेशंटमागं एक सिस्टर असते. पावसात मी असते, दोन-तीन पेशंट असतात आणि एक मावशी असते जिला सगळं माहीत असतं. गाडी अडकते तिथं कुठंतरी आणि डबल ड्यूटी लागते मला. कॉटचे 9,000 वाचले ते असे वसूल होतात.

बूट मात्र बंद घेतले. मेट्रन मॅडमनी पहिल्या दिवशी बघितले आणि पुढं गेल्या. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

रोज घरून कुणी ना कुणी फोन करून विचारतं, ‘‘कशी आहे गं मुंबई?’’ मी सांगते, बरी आहे, काल रात्री ताप होता, पहाटे उतरला. आईला वाटतं पेशंटचं सांगतेय. आत्या विचारते केईएम जवळ आहे का. काका विचारतो समुद्र बघितलास का. त्यानं अकरा दिवसांत दोनदा बघितला होता.

शुक्रवारी माझा ऑफ आहे. रिलिव्हर आली, तर बाहेर पडते आणि मुंबई कशी आहे ते कळवते.